देव्हाऱ्यात जोडी का, तुम्ही विचारलंत म्हणून

"नवऱ्याला सोडलंस, मग देव्हाऱ्यात शंकर-पार्वतीची जोडी कशाला?" हे मला ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, भिशीतल्या बायका विचारतात. भादव्याच्या पौर्णिमेला मी भुलाबाई-भुलोबा, म्हणजे पार्वती-शंकरच, बसवले की कॉलनीतली एखादी काकू हमखास विचारते. मैत्रिणींना वाटतं, मी अजून मनाने तिथेच अडकले आहे. काकूंना वाटतं, जोडी पुजायचा मला आता हक्क नाही. दोघींना आजवर मी वेगवेगळी उत्तरं दिली.

मैत्रिणींना सांगायचे, अगं, ही नवरा-बायको नव्हेतच. सौंदर्यलहरीचा पहिलाच श्लोक सांगतो की शक्ती असेल तरच शिवाला काही करता येतं, नाहीतर त्याला हलताही येत नाही. ज्ञानदेवांनी अमृतानुभवाच्या पहिल्या प्रकरणात देवोदेवींना, म्हणजे शिव-शक्तीला, वंदन केलं आहे. दिवे दोन, पण उजेड एकच, तशी ती दोघं. हे मी कुठून उचललेलं नाही. आमचे आबा सप्ताहात हे प्रकरण सांगायचे आणि मी शेजारी बसून ऐकायचे. ते खरं आहे असं मी आजही मानते. पण त्या उत्तराआड मी लपत होते. कारण आमच्या खान्देशात शंकर तत्त्व म्हणून येत नाही, जावई म्हणून येतो.

अखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. चैत्रात गौराई, म्हणजे पार्वती, माहेरी येते, अखाजीला शंकर तिला न्यायला येतो. माझ्या लग्नानंतरची तिसरी अखाजी. अमळनेर तालुक्यात बोरीकाठी आमचं गाव. भाऊ मुराळी म्हणून मला घेऊन आला होता आणि मी ठरवूनच आले होते की आता परत जायचं नाही. वर्षाच्या बोलीने शेतावर राबणाऱ्या सालदाराचासुद्धा अखाजीला हिशेब होतो आणि नको असेल तर तो दुसरं घर धरतो, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आईला मी दोन दिवस काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझं मनगट पाहिलं. बांगड्या फुटून रुतल्याची खूण होती. तिने काही विचारलं नाही. कासाराला घरी बोलावलं आणि त्या खुणेवर हिरव्या बांगड्या भरल्या. दोन गौराईलाही घातल्या.

सणाच्या दिवशी दुपारी नवरा आला. रसपोळीचं जेवण झालं. ओट्यावर माणसं पत्ते खेळत होती. मी स्वयंपाकघरात आईचा हात धरून म्हटलं, मी जात नाही. तिने पाटावरच्या गौराईकडे पाहिलं. शेजारी सकाळीच मांडलेला लाकडी शंकर होता. म्हणाली, "गवराई बी जास ना वं सासरे. तू काय तिनापेक्षा मोठी शेस का?"

आबा तिथेच होते. पितरांच्या घागरीवर खरबूज आणि सांजोरी ठेवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. देवोदेवींचं प्रकरण ज्यांना तोंडपाठ, ज्यांनी मला शिकवलं की तिच्यावाचून तो काहीच नाही, ते आबा. त्यांनी खरबूज नीट बसवलं, पुन्हा एकदा बसवलं, आणि मान वर केली नाही.

बाहेर निंबाच्या झोक्यावर मुली गाणी म्हणत होत्या. गौराईच्या गाण्यांत सासू, नणंद, नवरा, कुणाला सोडत नाहीत. त्या म्हणत होत्या तेच मी आत चालीशिवाय म्हणत होते. त्यांना कुणी गप्प केलं नाही.

मी गेले. दीड वर्षाने कार्तिकात एकटी निघाले, ते जळगावला येऊन राहिले.

म्हणून काकूंनो, मला हक्काचं सांगू नका. त्या जोडीची किंमत मी मोजली आहे. आणि मैत्रिणींनो, तुम्ही म्हणता, एकटी देवी पूज. वणीची आई आहे, अठरा हात, शेजारी कुणी नाही. मी जाते की गडावर. तिच्यासमोर उभी राहिले की पाठ ताठ होते. पण ती महिषासुराला मारायला उभी आहे आणि मला कुणाला मारायचं नव्हतं. मला घर हवं होतं, माझ्यावाचून ज्याचं हलत नाही असं कुणी हवं होतं. ती इच्छा चुकीची होती असं मी कबूल करणार नाही.

आईवर मी वर्षानुवर्षं एकच राग धरला. ती पंढरीला जाणारी. रखुमाई रुसून दिंडीरवनात गेली, देव तिच्या मागे आला, आणि आजही तिचं देऊळ वेगळं आहे, हे तिला माहीत नव्हतं का? त्या दुपारी तिला रखुमाई का आठवली नाही, गौराईच का? मग वाटतं, गौराई पुढच्या चैत्रात परत येते, हेच तिला पुरेसं वाटलं असेल. मग पुन्हा राग येतो. कधी वाटतं, जोडी ठेवून मी आईचंच म्हणणं पुढे चालवते आहे. कधी वाटतं, तिच्या हातून ती जोडी काढून घेतली आहे. यातलं कोणतं खरं, ते दर भुलाबाईला बदलतं.

आबा गेले. यंदा अखाजीनंतर आईने गौराई माझ्याकडे द्यायची ठरवली, तिच्याने आता मांडणं होत नाही. तिने जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गौराई गुंडाळली आणि शंकर फळीवरच ठेवला. म्हटलं, तो पण दे. "तुले तो कसाले पाहिजे?" आईनेही तेच विचारलं, जे तुम्ही विचारता. मी बोलले नाही. तीही थांबली. मग मीच हात वर करून तो काढला, त्याच लुगड्यात दोघांना गुंडाळलं. बसमध्ये गर्दी होती, धरणगावपर्यंत उभीच होते, गाठोडं छातीशी धरून.