ब्लॉक हीटर चालत नाही : कॉर्ड बदलायची की हीटर?

कॅनडात एडमंटन, सस्कटून, विनिपेग या बाजूला नव्याने आलेल्या मराठी मंडळींकडून थंडी लागली की हमखास एक प्रश्न येतो : "रात्रभर गाडी प्लगला लावून ठेवली, तरी सकाळी इंजिन गारठलेलंच. हीटर गेला का?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. हा हीटर म्हणजे ब्लॉक हीटर, थंडीत उभ्या गाडीचं इंजिन विजेवर उबदार ठेवणारा. बहुतेक वेळा हीटर शाबूत असतो, गेलेली असते ती कॉर्ड, म्हणजे हीटरपासून प्लगपर्यंतची वायर. कॉर्ड बदलायला कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारा द्रव, काढावं लागत नाही. कूलंटमध्ये बसणारा हीटर बदलायचा तर काढावं लागतं. खर्चात मोठा फरक पडतो तो इथेच. म्हणून गॅरेजला फोन करण्याआधी मोजून बघा.

हा हीटर म्हणजे बादलीत टाकायच्या रॉडचा भाऊ. इंजिन ब्लॉकमधल्या कूलंटमध्ये तो बुडालेला असतो. छोट्या गाडीत साधारण ४०० वॅटचा, मोठ्या पिकअपमध्ये ७५० ते १००० वॅटचा. तो आत सुरक्षित असतो. कॉर्डचं टोक मात्र पुढच्या जाळीतून बाहेर लोंबतं आणि रस्त्यावरचं मीठ, चिखल, वितळलेला बर्फ सगळं झेलतं. पितळी पिना हिरव्या पडतात, कडक थंडीत वायरीचं आवरण तडकतं. प्लग काढायचा विसरून गाडी पुढे नेली, तर वायर आतल्या आत तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आधी सॉकेटमध्ये वीज आहे का ते दिवा लावून बघा. अपार्टमेंटच्या पार्किंगमधले काही सॉकेट वीज वाचवण्यासाठी आलटूनपालटून चालू-बंद होतात, तेव्हा थोडं थांबून पुन्हा बघा. मग गाडीचा प्लग सगळीकडून मोकळा करून मल्टीमीटर ओहमवर (विजेला होणारा रोध मोजायच्या खुणेवर) लावा आणि दोन चपट्या पिनांमध्ये मोजा. इथे वीज १२० व्होल्टची, त्यामुळे ४०० वॅटच्या हीटरला ३६ ओहमच्या आसपास, ७५० ला १९, हजाराला १४ असा आकडा यायला हवा. चपटी पिन आणि अर्थिंगची गोल पिन यांच्यात काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर प्लग लावूच नका, मग जीएफसीआय (वीज गळाली की सॉकेट बंद करणारा सुरक्षा स्विच) ट्रिप होवो वा न होवो.

आकडा आलाच नाही, तर कॉर्ड हीटरपासून काढून थेट हीटरच्या पिनांवर मोजा. तिथे बरोबर आला, तर दोष कॉर्डचा. एक फसवी जागा मात्र आहे. काही डिझेल पिकअपच्या कॉर्डमध्येच थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानावर चालणारा स्विच, असतो आणि तो तापमान उणे १८ अंशांच्या आसपास उतरल्यावरच जोडला जातो. उबदार गॅरेजमध्ये मोजली, तर चांगली कॉर्डही तुटलेली वाटते.

कॉर्ड काढताना इंजिन पूर्ण थंड हवं. क्लिप असेल तर सोडवा, कनेक्टरचं अंग धरून सरळ ओढा. पिळू नका, वायर धरून तर अजिबात ओढू नका. हीटरची पिन मोडली की हीटरच बदलावा लागतो. अडकलं असेल तर थोडा सिलिकॉन स्प्रे मारून हळूहळू हलवा. पिना काळ्या पडून खड्डे पडलेले दिसले, तर नुसती नवी कॉर्ड लावू नका. सैल संपर्कात ठिणग्या पडत राहतात आणि नवा कनेक्टरही तसाच जळतो.

नवी कॉर्ड आपल्या मॉडेलचीच घ्या, कनेक्टरचे आकार वेगवेगळे असतात. आत डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहणाऱ्या, ओल रोखणाऱ्या ग्रीसचा) पातळ थर द्या आणि शेवटपर्यंत दाबून बसवा. इंजिन हलतं, म्हणून त्याच्याजवळ वायरीला थोडी ढील हवी. पुढे एक्झॉस्ट, बेल्ट, पंखा आणि स्टिअरिंगचा दांडा टाळून झिप टायने बांधत आणा. प्लगचं तोंड खाली ठेवा आणि टोपी लावा.

"मधेच तुटलीय, जोडून टेप मारली तर?" नाही. डिसेंबर २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेतले सुमारे पावणेनऊ लाख पिकअप परत बोलावले, ते ब्लॉक हीटरच्या केबलमधल्या जोडात पाणी आणि घाण शिरून आगीचा धोका होता म्हणून. कारखान्यात केलेल्या जोडाची ही गत, तर घरच्या टेपचा काय भरवसा? फक्त टोकाचा प्लग गेला असेल आणि वायर कापल्यावर आत लख्ख तांबं दिसत असेल, तर बाहेरच्या वापराचा, थंडीला टिकणारा तीन पिनांचा प्लग बसवता येतो. रंग मात्र नीट लक्षात ठेवा. आपल्याकडे काळी वायर न्यूट्रल, इथे काळी फेज. काळी पितळी स्क्रूला, पांढरी चंदेरी स्क्रूला, हिरवी हिरव्या स्क्रूला.

एक्स्टेंशनही तपासा. ती १४ गेजची (गेज म्हणजे वायरीच्या जाडीचं माप, आकडा लहान तितकी वायर जाड), बाहेरच्या वापराची हवी. बारीक, लांब वायरीत व्होल्टेज १० टक्के पडलं, तर उष्णता जवळजवळ १९ टक्क्यांनी घटते, आणि लोक दोष हीटरला देतात. प्लग लावताना आधी गाडीचं टोक जोडा, मग भिंतीचं. काढताना आधी भिंतीचं. ठिणगी पडलीच तर ती गाडीच्या पिनांवर पडत नाही. रात्रभर वीज जाळायचीही गरज नाही. टायमर लावून निघण्याआधी तीन-चार तास पुरेत.