चार चौकटींतले मित्र

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या मासिक पत्रिकेत शेवटच्या पानावर मी गेली सहा वर्षे चार चौकटींची एक चित्रमालिका काढतो. 'यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत' असे तिच्याखाली बारीक अक्षरांत छापलेले असते आणि ते धादांत खोटे आहे. दर रविवारी सकाळी आम्ही पाच मित्र पर्वती चढतो, त्या 103 पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर कोणाचा दम संपणार हे ठरलेले असते, आणि उतरल्यावर अमृततुल्यात चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत महिन्याभराची शिदोरी माझ्या वहीत गोळा झालेली असते.

पहिले पात्र रुमालावरून सुचले. आमच्यातला एक मित्र बाकावर बसण्यापूर्वी खिशातून रुमाल काढून बाक स्वच्छ पुसतो, मग तो रुमाल, धूळ आतल्या बाजूला राहील अशा बेताने, अत्यंत निगुतीने चौपदरी घडी करून खिशात ठेवतो आणि पाचच मिनिटांत त्याच रुमालाने कपाळावरचा घाम टिपतो. पुसणे, घडी, खिसा, कपाळ. चार चौकटी आयत्याच होत्या, मला सुचवावे असे काही लागलेच नाही. अंक निघाला त्या रविवारी मी जरा भीतभीतच गेलो होतो. त्याने सगळ्यांसमक्ष पान उघडले, बराच वेळ पाहिले आणि अतिशय दुखावलेल्या स्वरात म्हणाला, "माझ्या रुमालाला चौकडी कुठून आली? मी आयुष्यभर पांढराच वापरतो."

तेव्हापासून मी पाहतो आहे की, माणसे आपल्या वैगुण्याबद्दल तक्रार करत नाहीत, तपशिलाबद्दल करतात. पेठांतून सतत जवळचा रस्ता शोधणाऱ्या आमच्या दुसऱ्या मित्राची स्कूटर मी लक्ष्मी रस्त्यावर उलट्या दिशेने जाताना दाखवली, तेव्हा त्याने मला रात्री साडेदहाला फोन करून सुनावले, "मी एकेरी रस्ता मोडत नाही, मी बोळ वापरतो." (हा आक्षेप इतका पुणेरी होता, की पुढच्या महिन्याची मालिका मी त्यावरच भागवली.)

मित्र उचलायचा म्हणजे थोडी हातचलाखी करावी लागते. टकलाला केस द्यायचे, मिशी काढायची, जाड्याला बारीक करायचे, हे सोपे आहे. पण चालताना डावा हात पाठीमागे घेण्याची लकब बदलली की तो माणूसच निघून जातो आणि कागदावर नुसता पुतळा उरतो. म्हणून लकब ठेवावी लागते, आणि ओळख पटते ती तिच्यामुळेच. या बाबतीत मी मोठ्यांच्या पदराआड लपतो. अमेरिकन चित्रकार चार्ल्स शुल्झ यांनी आपल्या 'पीनट्स' या चित्रमालिकेतल्या नायकाचे चार्ली ब्राउन हे नाव आपल्या एका सहकाऱ्याकडून जसेच्या तसे घेतले होते. ज्या तरुणीने त्यांना लग्नाला नकार दिला, तीही त्याच मालिकेत लाल केसांची मुलगी होऊन आली. मात्र त्या पट्ट्यांत तिचा चेहरा त्यांनी वाचकांना कधीच दाखवला नाही. हा संयम मला फार मोठा वाटतो. याउलट त्यांच्याच देशातल्या हँक केचम यांनी 1951 मध्ये 'डेनिस द मेनिस' ही खोडकर मुलाची चित्रमालिका सुरू केली, ती आपल्या चार वर्षांच्या मुलाच्या खोड्या आणि त्याचे नाव दोन्ही घेऊन. चित्रातला डेनिस पाच वर्षांचाच राहिला; खरा डेनिस मोठा झाला आणि बापलेकांत दुरावा आला. त्याला ती मालिकाच कारण होती, असे मी म्हणणार नाही. पण चेहरा कधी दाखवू नये, हे मला कळले ते उशिराच.

आमच्यातल्या चौथ्याने एकदा चहा पिताना स्वतःच हसत सांगितले होते, की त्याचा भोसरीतला कारखाना बंद पडला तेव्हा तो पंधरा दिवस घरी काही न बोलता रोज डबा घेऊन निघायचा, संभाजी बागेत बसून तो खायचा आणि सहा वाजता घामाघूम चेहऱ्याने परत यायचा. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मी ते काढले. शेवटच्या चौकटीत बागेतला कावळा त्याला विचारतो, "आज ओव्हरटाइम नाही का?" पत्रिका घरोघर गेली, पुष्कळ फोन आले, माझी कॉलर ताठ झाली. त्याच्या घरी ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती, हे मला चार दिवसांनी कळले. त्याच्या पत्नीने ती चौकटींतच वाचली. केस मी बदलले होते, चष्मा घातला होता. पण पोळी चतकोर करून, घडी घालून खाण्याची त्याची पद्धत तशीच राहिली होती, आणि तेवढे तिला पुरले.

सलग तीन रविवार तो पर्वतीवर आला नाही. मी एकदा त्याच्या दारापर्यंत जाऊन, घंटा न वाजवताच परत आलो. चौथ्या रविवारी तो नेहमीच्या वेळी पायथ्याशी उभा होता. कोणीच काही बोलले नाही. चढणे झाले, उतरणे झाले, चहा आला. त्याने अर्धा कप संपवला, माझ्याकडे न पाहताच वही पुढे ओढली आणि म्हणाला, "डबा दोन पुडांचा होता. तिसरा पूड तू कुठून आणलास?"