चार पाउंड कमी

रविवारी कॅलिफोर्नियातल्या बटनविलो ट्रॅकवर पाचवा आलो, रेस संपल्यावर गाडी काट्यावर घेतली तर नियमातल्या किमान वजनापेक्षा चार पाउंड कमी. म्हणजे दोन किलोसुद्धा नाही, पण तेवढ्यावर निकालातून नाव गेलं. काट्यावरच्या माणसाने परत तोलून दाखवलं, आकडा तोच आला, मग भांडणार कशावरून? फार वाईट वाटलं.

स्पेक मियाटात, म्हणजे फक्त माझदा मियाटा गाड्यांच्या रेसमध्ये, सगळ्यांच्या गाड्या जवळपास सारख्या (माझी १९९२ ची, १.६ लिटरवाली), त्यामुळे वजनाला फार महत्त्व. एससीसीएच्या (या रेस भरवणारा अमेरिकेतला क्लब) रूलबुकातलं किमान वजन नुसत्या गाडीचं नसतं, रेस संपल्यावर ड्रायव्हर हेल्मेट-सूटसकट आत आणि टाकीत उरलंय तेवढंच पेट्रोल, असं सगळं मिळून ते भरावं लागतं. आणि मला हा नियम मनापासून पटतो, नाहीतर साठ किलोचा पोरगा नव्वद किलोच्या माणसाला प्रत्येक सरळ पट्ट्यावर फुकटात मागे टाकेल.

चूक माझीच झाली. शुगर वाढली म्हणून डॉक्टरांनी झापलं होतं, मग भात कमी केला, रोज चालायला लागलो, सहा महिन्यांत सात किलो उतरलो, आई व्हिडिओ कॉलवर म्हणते किती वाळलास रे. आता सात किलो म्हणजे पंधरा पाउंड, आणि गेल्या सीझनला रेसनंतर मी जेमतेम अकरा पाउंड जास्त भरायचो! बॅलास्ट (किमान वजन भरावं म्हणून गाडीत मुद्दाम बसवलेलं जादा वजन) वाढवायचं डोक्यातच आलं नाही. त्यात शुक्रवारी तोललं ते टाकी भरलेली असताना, सगळं ठीक दिसलं. पेट्रोल गॅलनला सहा पाउंडांच्या वर भरतं, अर्ध्या तासाच्या रेसमध्ये माझी गाडी चारेक गॅलन पिते, म्हणजे चोवीस-पंचवीस पाउंड तिथेच जळाले, वर त्या उन्हात घाम गेला तो वेगळा.

जास्त पेट्रोल भरून भागवणारे असतात, पण ते वजन मागे बसतं आणि रेसभर बदलत राहतं, मला नाही आवडत. मी लोखंडी प्लेट कापून आणली, ३० बाय ३० सेंटीमीटर, १२ मिलिमीटर जाड, साडेआठ किलो भरली. ती पॅसेंजरच्या पायाशी बसवली, कारण इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, उजवी बाजू हलकी राहते, आणि वजन जेवढं खाली तेवढं बरं.

बोल्टच्या बाबतीत मात्र कुणीही कंजुषी करू नका. अर्ध्या इंचाचे बोल्ट आरपार, खालून मोठे जाड वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, हादऱ्याने सैल न होणारे). फ्लोअरचा पत्रा पातळ असतो, छोटा वॉशर लावला तर बोल्ट पत्रा फाडून वर येईल. भिंतीवर जोरात आपटलात आणि ४० जी (गुरुत्वाकर्षणाच्या चाळीसपट झटका) लागले तर ही साडेआठ किलोची प्लेट त्या क्षणी ३४० किलोसारखी ओढते, आणि शेजारी तुमचेच पाय असतात.

काल सूट-हेल्मेट घालून, टाकीत दीड गॅलन ठेवून परत तोललं. चौदा पाउंड जास्त. मित्र म्हणतो पाच पुरे, बाकीचं काढ. नाही काढणार, ट्रॅकवरचा काटा आणि गॅरेजमधला काटा एक-दोन पाउंडांनी इकडेतिकडे असतोच, आणि माझं वजन अजून उतरतंय.