तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं दुखतंय आणि नुसतं सलाईन?

"डॉक्टर, माणूस पोट धरून कळवळतोय आणि तुम्ही नुसतं सलाईन लावलंय?" स्वादुपिंडाला सूज आलेल्या पेशंटचे नातेवाईक आयसीयूच्या दाराशी हमखास हे विचारतात. घाईत मी दोन वाक्यांत उत्तर देतो. ते पुरत नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, म्हणून इथे नीट सांगतो.

ही सूज बहुतेकदा पित्ताशयातल्या खड्यामुळे किंवा दारूमुळे येते. तिला थांबवणारं खात्रीचं औषध आजही नाही. दुखणं कमी करायचं इंजेक्शन आम्ही देतोच, पण पहिल्या दिवसाचा मुख्य उपचार म्हणजे ती बाटलीच. सूज जोराची असली की रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि रक्तातलं पाणी पोटात साचतं. त्यात उलट्या, तोंडाने घोटभर पाणीही टिकत नाही. रक्त दाट होतं, बीपी उतरतं, किडनी उपाशी राहते आणि खुद्द स्वादुपिंडाचाही रक्तपुरवठा तुटून त्याचा काही भाग मरू शकतो. आपण सगळ्यालाच सलाईन म्हणतो. या पेशंटला लावलेलं असतं ते बहुधा आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट हे क्षार मिसळलेलं पाणी.

"मग भरभर सोडा ना!" हा पुढचा प्रश्न. आम्हीही तसंच शिकलो होतो. 2013 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत पहिले 12 ते 24 तास दर तासाला 250 ते 500 मिली द्या, असं होतं. त्या काळातला चाळिशीचा एक पेशंट मला विसरता येत नाही. रात्रभर आम्ही बाटल्यांमागून बाटल्या सोडल्या. सकाळी त्याच्या बोटातली अंगठी रुतून बसली होती. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. त्याला आडवं होता येईना; पाणी फुप्फुसांत उतरलं होतं. दुपारी व्हेंटिलेटर लावावा लागला. तो वाचला, पण त्या रात्रीचं पाणी मी दिलं होतं.

2022 मध्ये, या आजारात पाणी किती वेगाने द्यावं हे पेशंटांवर तपासणाऱ्या 'वॉटरफॉल' चाचणीचे निष्कर्ष आले. भारत, स्पेन, इटली आणि मेक्सिकोतले 249 पेशंट. साठ किलोच्या माणसाचा हिशोब धरा: एका गटाला आधी 1200 मिली, मग तासाला 180. दुसऱ्याला शरीर कोरडं पडलेलं असेल तरच 600, मग तासाला 90. भरपूर पाणी दिलेल्यांचा आजार काही सौम्य झाला नाही. अंगात जास्तीचं पाणी साचण्याचा त्रास मात्र त्यांच्यात 20.5 टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात 6.3 टक्क्यांना. चाचणी मुदतीआधीच थांबवली. सुरुवातीलाच शॉकमध्ये असलेले, म्हणजे बीपी धोकादायक उतरलेले, किंवा किडनी बंद पडलेले पेशंट तिच्यात घेतले नव्हते; त्यांचं गणित आजही आम्ही खाटेशी उभं राहून, तासातासाला मांडतो.

म्हणून सिस्टर मधूनच सलाईनचा वेग कमी करतात तेव्हा घाबरू नका. पाणी पोचतंय की नाही हे लघवीच्या पिशवीत दिसतं. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान तीस मिली व्हायला हवी. पहिल्या रात्री ती कोऱ्या चहासारखी गडद असते. रंग उजळू लागला, रक्ताचा दाटपणा आणि युरिया उतरू लागले की मला हायसं वाटतं. तुम्हाला मला काही विचारायचं झालं, तर गेल्या तासात लघवी किती झाली हे विचारा. तो आकडा खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या चार्टवर लिहिलेला असतो.