सीए फर्ममध्ये पहिली नोकरी: बी.कॉम.नंतर नेमकं काय येत असावं

बी.कॉम.चा निकाल साधारण जून-जुलैत लागतो आणि सीए फर्मचा सीझनही तेव्हाच सुरू होतो. आधी रिटर्न, मग टॅक्स ऑडिट, ते थेट ऑक्टोबर संपेपर्यंत. या दिवसांत फर्मला माणूस हवाच असतो, पण त्याला शिकवायला कुणी मोकळं नसतं. त्यामुळे ‘एम.कॉम. चालू, टॅली कोर्स पूर्ण’ एवढंच लिहिलेला बायोडाटा बाजूला पडतो. ‘टूबी जुळवता येतं’, म्हणजे पुरवठादारांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेली बिलं आपल्या खरेदीशी ताडता येतात, असं म्हणणाऱ्याला मात्र बसवून दोन प्रश्न विचारले जातात.

आधी एक गोष्ट ठरवून टाका: सीए करायचंय की नाही? करायचं असेल तर वाट वेगळी आहे. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला नोंदणी होते. दोन्ही ग्रुप सुटले की आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण, जी २०२३ च्या नव्या योजनेपासून दोन वर्षांची आहे. फर्ममध्ये नुसतं पगारी असिस्टंट म्हणून, कुठलीही नोंदणी न करता केलेलं काम त्यात धरत नाहीत. ‘आधी एक वर्ष नोकरी करतो, ते पुढे वजा होईल’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. इथून पुढचं पगारी असिस्टंटच्या जागेबद्दल.

या जागेवर पहिले सहा महिने हातात येतं ते मुख्यतः जुळवाजुळवीचं काम, आणि त्यात सगळ्यात जास्त खरेदी रजिस्टर विरुद्ध जीएसटीआर-टूबी. टूबी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं आणि थ्रीबी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं रिटर्न, २० तारखेपर्यंत भरायचं असतं. म्हणजे मधले सहा दिवस. पुरवठादाराचं बिल टूबीत दिसल्याशिवाय क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, घेता येत नाही, म्हणून प्रत्येक फरकाला कारण द्यावं लागतं.

समजा, टॅलीत क्रेडिट ३,४२,१८० रुपये आहे आणि टूबीत ३,२७,९६०. फरक १४,२२०. शोधल्यावर त्याचे तीन तुकडे निघाले. ५,४०० चं बिल तिमाही रिटर्न भरणाऱ्या पुरवठादाराचं होतं. त्याने ते महिन्याच्या महिन्याला अपलोड केलं नाही तर तिमाहीच्या शेवटच्या महिन्याच्या टूबीत येईल, तोवर थांबायचं. ४,३२० चं बिल पुरवठादाराने भलत्याच जीएसटी नंबरवर टाकलं होतं. त्याला फोन करून दुरुस्ती करून घ्यायची आणि ती दिसेपर्यंत क्रेडिट सोडायचं. राहिलेले ४,५०० म्हणजे एकच बिल टॅलीत दोनदा चढलं होतं, एकदा ईमेलवरच्या पीडीएफवरून आणि एकदा मालासोबत आलेल्या कागदावरून. हे उडवायचं. नवखा मुलगा इथे नुसतं ‘डिफरन्स १४,२२०’ लिहून शीट पुढे सरकवतो. सिनियरला आकडा नको असतो, कारण हवं असतं, आणि पुढे काय करायचं तेही.

एक्सेलमध्ये जुळवताना बिल नंबरवर विसंबू नका. पुरवठादार ‘एस/०४५/२५-२६’ लिहितो आणि टॅलीत कुणीतरी नुसतं ‘४५’ टाकलेलं असतं; दोन याद्या जुळवणारा व्हीलुकअप फॉर्म्युला तिथेच गळतो. जीएसटी नंबर आणि करपात्र रक्कम जोडून एक कॉलम करा, आधी जादा स्पेस काढणारा ट्रिम लावा, आणि मजकूर म्हणून साठलेले आकडे खरे आकडे करून घ्या. त्यातून उरलेली बिलंच डोळ्यांनी बघायची. एक-दोन रुपयांचे फरक राउंडिंगचे असतात, त्यांच्यामागे अर्धा दिवस घालवू नका.

सरावासाठी ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडून किंवा मेडिकलवाल्याकडून एका महिन्याचं टूबी आणि खरेदीची बिलं मागा. टॅलीप्राइमची एज्युकेशनल आवृत्ती फुकट आहे. तिच्यात फक्त १, २ आणि ३१ तारखेच्या नोंदी होतात, पण हात बसायला तेवढं पुरतं. तयार झालेली शीट मुलाखतीला न्या, मात्र नावं आणि जीएसटी नंबर पुसून. दुसऱ्याचा डेटा उघडा दाखवणाऱ्याला कुठलाही सीए आपल्या क्लायंटची फाइल देणार नाही.

मुलाखतीत जीएसटी नंबर समोर ठेवून ‘यातून काय कळतं’ असं विचारतात. पंधरा अक्षरांपैकी पहिली दोन राज्याची: महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजेच जीएसटी नंबरातलं सहावं, ‘पी’ असेल तर व्यक्ती, ‘एच’ हिंदू अविभक्त कुटुंब, ‘एफ’ भागीदारी फर्म, ‘सी’ कंपनी. याचा उपयोग लगेच होतो: ठेकेदाराच्या बिलावर टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) व्यक्तीला किंवा अविभक्त कुटुंबाला १ टक्का, बाकीच्यांना २ टक्के. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर कापायचा तो मूळ रकमेवर. आयकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे आकडे बदललेत, पण आधीच्या वर्षांची कामं जुन्याच कायद्याने चालतात. दोन्ही आकडे माहीत असलेले बरे.

बँक रिकोवर, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आणि आपली वही जुळवण्यावर, एक हमखास प्रश्न असतो: दिलेला चेक चार महिने वटलाच नाही, तर? चेकची मुदत तीन महिन्यांची असते. म्हणजे तो ‘न वटलेले चेक’ या यादीत ठेवून चालत नाही. नोंद उलटवून पार्टीचं देणं पुन्हा उभं करायचं.

जायचं कधी? ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-वन (विक्रीचं रिटर्न), २० ला थ्रीबी. महिन्याच्या २२ पासून अखेरपर्यंत, दुपारी जेवणानंतर जा. १९ तारखेला दारात उभं राहिलात तर रिसेप्शनवरूनच परत याल. मोठ्या फर्मचं ऑनलाइन अर्जाचं तंत्र वेगळं. पण पाच-दहा जणांच्या फर्ममध्ये, मग ती पुण्यात सदाशिव पेठेत असो की ठाण्यात नौपाड्यात, कागद हातात घेऊन गेलेलं अजूनही चालतं. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं छोटी फर्मच बरी. तिथे एकाच माणसाला जीएसटी, टीडीएस आणि फायनलायझेशन (वर्षअखेरीचे हिशेब पक्के करणं) तिन्ही बघायला मिळतं.

होकार मिळाला की तोंडी ठरवून निघू नका. बाहेरगावच्या ऑडिटचा प्रवास-जेवणखर्च कोण देणार, सीझनमधल्या रविवारी यावं लागलं तर बदली सुट्टी मिळते का, परीक्षेची रजा पगारी की बिनपगारी, हे विचारा आणि नेमणूकपत्र मागून घ्या. महिन्याला १०,००० च्या वर पगार असेल तर महाराष्ट्रात व्यवसाय कर २०० रुपये कापला जातो, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत माफ आहे. पहिल्या पगाराच्या पावतीवर ही ओळ तपासून बघा.