पाकीट गेलं तेव्हा

मे महिन्यात संध्याकाळच्या लोकलमधून डोंबिवलीला उतरले आणि पर्समधलं पाकीट गेल्याचं कळलं. रोख फारशी नव्हती. पण लोकलचा पास, दोन डेबिट कार्डं, लायसन्स, आधार सगळं त्यातच. आणि चार दिवसांनी आईला आणायला रत्नागिरीला जायचं होतं, एकटीनं.

कार्डं लगेच बंद केली. पैशांचं अडलं नाही, यूपीआय होतं. अडलं ओळखपत्राचं.

"डिजिलॉकर घे, दोन मिनिटांचं काम," मैत्रीण म्हणाली. डिजिलॉकर म्हणजे ओळखपत्रं फोनमध्ये ठेवायचं सरकारी ॲप. मला तीन दिवस लागले. आधारचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो, आणि माझा तो नंबर लग्नाआधीचा, कधीच बंद झालेला. दुसऱ्या दिवशी जुनी झेरॉक्स घेऊन आधार केंद्रात रांग लावली. नंबर बदलायला कागदपत्रं लागत नाहीत, बोटांचे ठसे पुरतात, हे तिथे कळलं. बदल मात्र लगेच दिसत नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी एकदाचा ओटीपी आला, तेव्हा हायसं वाटलं. लायसन्स काही डिजिलॉकरमध्ये आलंच नाही. त्यावर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, त्यामुळे नाव जुळेना.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. रेल्वे २०१८ पासून डिजिलॉकरमधलं आधार आणि लायसन्स ओळखपत्र म्हणून मानते, पण 'इश्यूड'मध्ये, म्हणजे थेट सरकारी खात्याकडून आलेलंच. आपणच फोटो काढून 'अपलोडेड'मध्ये टाकलेलं चालत नाही. माझ्या गॅलरीत आधारचा फोटो होता, मी त्याच्याच भरवशावर निघणार होते.

ठाण्याला गाडीत बसले आणि पनवेल सुटायच्या आत आधार उघडून ठेवलं. पुढे बोगद्यांत रेंज जाते. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा तर ६.५ किलोमीटरचा आहे. टीसीनं नाव बघितलं, फोटो बघितला, मान हलवली आणि पुढे गेला.

आता पास रेल्वेच्या ॲपमध्येच आहे. नेट नसलं तरी उघडतो, पण ॲपमध्येच दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट चालत नाही. घाटकोपरला मेट्रोचं तिकीट व्हॉट्सॲपवर काढते, क्यूआर गेटवर धरला की झालं. रिक्षा, भाजी यांसाठी यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या रकमांसाठीचं फोनमधलं पाकीट. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत देता येतात, त्यात जास्तीत जास्त ५,००० ठेवता येतात आणि पैसे देताना पिन लागत नाही. पिन नाही म्हणूनच फोनचं लॉक मी आता सहा आकड्यांचं केलंय. आणि छापील आधार कपाटात, कारण फोनही हरवू शकतो.

रत्नागिरीला पोचल्यावर आईचं आधार तपासलं. त्याला बाबांचा नंबर होता. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, नंबरही बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर तिला घेऊन आधी आधार केंद्रात गेले.