लाइट बिलातला डीटीसी नंबर आणि वॉचमनची वही

मला एक रिकामा नाद लागलाय, रात्री जेवणं उरकली की लॅपटॉपवर गुगल अर्थ प्रो उघडायचं, ते वरचं घड्याळाचं बटण दाबायचं आणि आमच्या वाघोलीचे वरून घेतलेले जुने उपग्रह-फोटो मागेपुढे करत बसायचं. आधी नुसती शेतं आणि दगडखाणी, मग प्लॉटिंगच्या पांढऱ्या रेघा, मग टॉवरच टॉवर. 30 जून 2021 ला जी 23 गावं पुणे मनपात आली त्यात वाघोली होतं, पण फोटो बघितले तर शहर त्याच्या कितीतरी आधीच येऊन बसलेलं दिसतं, कागदच मागून आले.

ताजं काय चाललंय ते सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या फोटोंवर बघतो, फुकट आहे, साधारण 5 दिवसांनी नवा फोटो येतो, पण एक पिक्सेल म्हणजे 10 मीटर, त्यामुळे बिल्डरने पायाला खणलं की कळतं, रस्त्यातला खड्डा कळत नाही, त्याला आपली पाठ आहे. आणि पावसाळ्यात तर नुसते ढग.

पण टॉवर दिसला म्हणजे आत माणसं राहतात असं नाही ना, तिथे फोटो गप्प बसतो. मग लक्ष गेलं लाइट बिलाकडे. महावितरणच्या बिलावर चक्र-मार्ग-क्रम असले आकडे असतात ना, कोणी ढुंकून बघत नाही, त्यात डीटीसी नंबर असतो, म्हणजे तुमची लाइट कुठल्या ट्रान्सफॉर्मरवरून येते तो. ग्रुपवर नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून बिलं मागवली, क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठिपके टाकले, एका डीटीसीला एक रंग. आमची लाइट जाते तेव्हा समोरच्यांची का चालू असते हे कोडं 10 मिनिटांत सुटलं!

पाण्याचं अवघड, कारण पाइपलाइनच नाही तर नकाशावर काढू काय? शेवटी गेटवरची वॉचमनची वही मिळाली, टँकर किती वाजता आला, कितीचा होता, सगळं लिहिलेलं, फोन नंबरांच्या आणि शाईच्या डागांच्या मधून शोधायचं फक्त. एप्रिल-मेची पानं एक्सेलमध्ये भरून झालीत, आता समोरच्या सोसायटीची वही हवीय. त्यांचा वॉचमन द्यायला तयार आहे, सेक्रेटरी नाही.